सात जण, तीन पिढ्या आणि लंडन: दुपारी घरी परतता आलं पाहिजे

ताई, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नाशिकचे सात जण: तुम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, सासरे (वय ७४, मधुमेह, इन्सुलिन चालू), सासूबाई (वय ६९, गुडघे दुखतात, शाकाहारी, उपास-तापास कडक) आणि तुमची आई (वय ६६, ठणठणीत). मेच्या उत्तरार्धात दहा दिवस फक्त लंडन करायचं आहे. टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण, राहावं कुठे, आणि सगळ्यांना आवडेल असं काय बघावं, हे तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सातही जणांना सारखंच आवडेल असं शोधत बसू नका, त्यात वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही. कुटुंबांच्या सहली आखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. अमुक बघायचं राहिलं म्हणून सहल बिघडलेली मी क्वचितच पाहिली. सहल बिघडते ती दुपारी तीनच्या सुमाराला. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागलेले असतात, आजोबांची साखर खाली आलेली असते, धाकटा हट्टाला पेटलेला असतो आणि हॉटेल असतं दीड तासावर. तेव्हा कोणी कोणाला काही बोलत नाही. रात्री जेवणाच्या वेळी भलत्याच कारणावरून ठिणगी पडते. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लावतो: जो थकेल त्याला पाऊण तासाच्या आत, जिने न चढता, घरी येऊन पाठ टेकता येईल का? जागा, प्रवास, तिकिटं, सगळं यावरच घासून बघू.

टूर कंपनीचा प्रश्न मग आपोआप सुटतो. माझं पोट याच धंद्यावर आहे, तरी सांगतो, एकाच शहरात दहा दिवस राहायचं असेल तर ग्रुप टूर घेऊ नका. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम अशी धावती सहल असेल तर बस, गाइड आणि रोजचं वरण-भात यांना मोल आहे. पण ग्रुपची बस सकाळी एकदा निघाली की संध्याकाळीच परतते. मधेच एकट्या सासूबाईंना घरी सोडायला ती थांबत नाही.

आता जागा. इथे वेळ आणि पैसे दोन्ही खर्च करा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. लंडनच्या हॉटेलातल्या खोल्या लहान असतात. तीन खोल्या घेतल्या तर त्या तीन मजल्यांवर मिळण्याची शक्यता जास्त, आणि सात जणांनी एकत्र बसून चहा प्यायला जागा कुठेच नसते. तुम्हाला तीन बेडरूमचा सर्व्हिस अपार्टमेंट हवा, आणि त्याला दोन बाथरूम हवीतच. एका बाथरूमवर सात जणांचं सकाळचं आवरणं म्हणजे अकराच्या आधी कोणी घराबाहेर पडत नाही.

खोल्यांची वाटणी इथूनच ठरवून जा. सासू-सासरे एका खोलीत, तुमची आई आणि नात दुसरीत, तुम्ही दोघं आणि मुलगा तिसरीत. आईला हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर टाकू नका. त्या स्वतःहून म्हणतील, "मला चालेल गं." जावयाच्या खर्चाने आलोय हे मनात असलं की बाई दहा दिवस "मला चालेल" हेच म्हणते, आणि विहीणबाईंसमोर तर नक्कीच. त्यांना दार लावून घेता येईल अशी जागा द्या.

बुकिंग करताना फोटोंवर जाऊ नका, मालकाला लेखी प्रश्न विचारा. इमारतीला लिफ्ट आहे का, आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत? जुन्या व्हिक्टोरियन घरांचे फ्लॅट फोटोत फार देखणे दिसतात, पण दारापाशीच पाच-सहा पायऱ्या आणि आत अरुंद जिना असतो. दुसरा प्रश्न बाथरूमचा, आणि तो आपल्याकडे कोणीच विचारत नाही. तिथे शॉवर बऱ्याचदा बाथटबच्या वर असतो. म्हणजे आंघोळीसाठी गुडघाभर उंचीची कड ओलांडून गुळगुळीत टबात उतरायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हे रोज दोनदा करायला लावणं म्हणजे संकटाला आमंत्रण. 'जमिनीलगतचा शॉवर हवा' असं स्पष्ट लिहा. शिवाय बाथरूमच्या जमिनीला पाणी जायची जाळी नसते. बादली-तांब्या घेऊन बाहेर आंघोळ केली तर पाणी खालच्या घराच्या छतातून गळतं आणि भरपाई तुमच्याकडून घेतली जाते. हे सासऱ्यांना नाशकातच समजावून सांगा. संडासात जेट नसतो, तेव्हा प्लॅस्टिकचा एक तांब्या बॅगेत टाका.

तिसरा प्रश्न शेगडीचा. इंडक्शन असेल तर तुमचा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर चेक-इनच्या बॅगेत न्या. आणि फोडणी देताना खिडकी उघडा, चिमणी सुरू करा. मोहरी तडतडली की पुढच्या मिनिटाला छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागतो, हा लंडनला गेलेल्या प्रत्येक मराठी घराचा अनुभव आहे.

भाग कुठला? पॅडिंग्टन उत्तम, पण तीन बेडरूमचा खर्च डोळे पांढरे करणारा. वेम्बली पार्कला लिफ्ट असलेल्या नव्या इमारती आहेत आणि भारतीय दुकानं हाताशी. पण मेमध्ये वेम्बली स्टेडियमवर फुटबॉलचे मोठे अंतिम सामने असतात आणि त्या दिवशी स्टेशनात माणसांचा लोंढा असतो. तुमच्यासाठी मी ईलिंग ब्रॉडवे निवडेन. तिथे एलिझाबेथ लाइन आणि डिस्ट्रिक्ट लाइन अशा दोन्ही रेल्वे आहेत, स्टेशनला लिफ्ट आहेत आणि हीथ्रोहून थेट गाडी आहे. त्याच लाइनवर तिसरं स्टेशन साउथॉल. भाजी, पिठं, साबुदाणा, ताजी कोथिंबीर सगळं तिथे मिळतं. मेमध्ये हापूसच्या पेट्याही दिसतील, किंमत मात्र सासऱ्यांना सांगू नका. आणखी एक, 'ईलिंग रोड' नावाचा गुजराती दुकानांचा प्रसिद्ध रस्ता ईलिंगमध्ये नाही, वेम्बलीला आहे. टॅक्सीत बसताना घोळ होतो.

प्रवासाचं सूत्र असं: आधी एलिझाबेथ लाइन, मग बस, मग काळी टॅक्सी, आणि खोल जमिनीखालची जुनी ट्यूब सगळ्यात शेवटी. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची, जगातली सगळ्यात जुनी. तिच्या जेमतेम एक तृतीयांश स्थानकांवर रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत बिनपायऱ्यांनी जाता येतं. पिकॅडिली सर्कस, ऑक्सफर्ड सर्कस, लेस्टर स्क्वेअर, साउथ केन्सिंग्टन ही पर्यटकांची नेहमीची स्थानकं नेमकी त्यात बसत नाहीत. याउलट २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या ४१ स्थानकांवर लिफ्ट किंवा सपाट वाट आहे. वेस्टमिन्स्टर, ग्रीन पार्क, वॉटरलू, लंडन ब्रिज, किंग्ज क्रॉस, टॉवर हिल इथेही लिफ्ट आहेत. पायऱ्या नसलेल्या स्थानकांचा वेगळा नकाशा तिथली वाहतूक संस्था काढते. तो मोबाइलमध्ये ठेवा आणि निघण्याआधी लिफ्ट चालू आहे ना, हे त्यांच्या अॅपवर बघा.

बस मला सगळ्यात आवडते. प्रत्येक लाल बसला रॅम्प आहे, पुढच्या जागा वयस्कांसाठी राखीव आहेत, आणि एकदा भाडं कापलं की तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे नाहीत. सासूबाई खाली खिडकीशी, नातवंडं वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर. ९ नंबरची बस केन्सिंग्टन, अल्बर्ट हॉल, हाइड पार्क कॉर्नर करत ट्राफल्गर स्क्वेअरला जाते. सहल कंपन्यांच्या उघड्या बसचे पैसे वाचतात. बसमध्ये रोख चालत नाही. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. तुमच्या मुलासारख्या, अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, आणि मोठ्यांबरोबर ट्यूबही फुकट. मुलीसाठी ऑयस्टर हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर परदेशी मुलांची सवलत चढवून घ्या, भाडं निम्मं होतं. सकाळी साडेनऊच्या आधी सात जण घेऊन गाडीत चढू नका. नोकरदारांची गर्दी असते आणि भाडंही जास्त पडतं.

काळ्या टॅक्सीत पाच जण समोरासमोर बसतात आणि व्हीलचेअरही थेट आत चढते. रोज परवडणार नाही, पण "आता बास" अशी वेळ आली की तीच वाचवते. तिच्यासाठी वेगळे पैसे काढून ठेवा, म्हणजे हात वर करताना मन कचरणार नाही. विमानतळावरून पहिल्या दिवशी मात्र आठ आसनी गाडी आधीच सांगून ठेवा. सात माणसं, चौदा बॅगा आणि नऊ-दहा तासांचा प्रवास झाल्यावर कुठलीही लाइन नको.

व्हीलचेअरबद्दल सासूबाई म्हणतील, "मला काय झालंय?" वाद घालू नका. विमानतळापुरती ती विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी नोंदवा. हीथ्रोवर विमानापासून इमिग्रेशनपर्यंतचं चालणंच पुष्कळ आहे. मोठ्या म्युझियममध्ये व्हीलचेअर मोफत वापरायला मिळते, ती धाकट्याला ढकलायला आवडते आणि नातू ढकलतोय म्हटल्यावर आजी बसतात. हा उपाय मी बऱ्याच घरांना सांगितला आहे, सहसा फसत नाही.

आता दिवसाचा आकार. घड्याळ साडेचार तासांनी मागे जातं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस सगळे पहाटे तीनला टक्क जागे आणि संध्याकाळी सहाला पेंगुळलेले. या दिवसांत संध्याकाळचं एकही तिकीट काढू नका. एरवी सकाळी एक मोठं ठिकाण, तिथेच किंवा जवळ जेवण, दोन-अडीचपर्यंत ज्याला हवं तो घरी. मेच्या अखेरीला सूर्य नऊच्या पुढे मावळतो, म्हणजे चार वाजता पुन्हा बाहेर पडलात तरी पाच तास उजेड हातात असतो. दुपारची झोप घेऊन उठलेल्या माणसांना हा दुसरा दिवस फुकटात मिळतो. सासूबाईंची दिवेलागणीची वेळ मात्र चुकणार. साडेसातला लख्ख ऊन बघून देवापुढे दिवा लावावा की नाही, असा प्रश्न त्या विचारतीलच. घड्याळाप्रमाणे लावू द्या.

दुसऱ्या सत्रात सातही जणांनी एकत्र असायची गरज नाही. जोड्या बदलत ठेवा. तुमची आई धडधाकट आहे. त्या आणि नात कॅम्डन मार्केटला जाऊ द्या, सासरे आणि तुमचे यजमान बापलेक म्हणून एखादी दुपार फिरू द्या, आणि एक संध्याकाळ तुम्हा दोघांचीच असू द्या. पण आजी-आजोबांना मुलं सांभाळायला आणलंय असं त्यांना वाटता कामा नये. दहा दिवसांत एखाद-दुसरी संध्याकाळ त्यांच्यावर मुलं सोपवा, आणि तीही आधी विचारून. एकत्र यायचं ते रात्रीच्या जेवणाला.

बघायचं काय, यावर माझी मतं ठाम आहेत.

ग्रीनिच पहिल्या क्रमांकावर. डिस्ट्रिक्ट लाइनने वेस्टमिन्स्टर, तिथल्या धक्क्यावरून नदीतून बोट. पार्लमेंट, सेंट पॉल्सचा घुमट, टॉवर ब्रिज सगळं बसल्याजागी मागे सरकत जातं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी लंडनदर्शनाचा याहून चांगला मार्ग नाही. ग्रीनिचला उतरलं की समोर १८६९ सालचं 'कटी सार्क' हे चहाची वाहतूक करणारं जहाज. वेधशाळा मात्र टेकडीवर आहे आणि चढ चांगलाच दमवतो. मूळ रेखावृत्तावर एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढायला मुलं, तुमचे यजमान आणि तुमची आई वर जाऊ देत. सासू-सासऱ्यांना खाली 'पेंटेड हॉल'मध्ये न्या. छतभर चित्रं आहेत आणि ती बघायला चक्क आडवं व्हायचे बाक ठेवले आहेत. दुपारी दीड वाजता आडवं व्हायची अशी अधिकृत सोय दुसऱ्या कुठल्या प्रेक्षणीय स्थळी मला ठाऊक नाही. परतताना डीएलआर ही चालक नसलेली गाडी घ्या. सगळ्यात पुढच्या सीटवर बसून धाकटा स्वतःच गाडी चालवतो. कॅनरी व्हार्फला बदललं की एलिझाबेथ लाइनने थेट ईलिंग.

म्युझियम मोफत आहेत, आणि म्हणूनच एका वेळी दीड तासाच्या वर थांबू नका. पैसे वसूल करायचा प्रश्नच नाही, पुन्हा जाता येतं. ब्रिटिश म्युझियमला टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनवरून चालत जा. सासऱ्यांना अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं दाखवा, मुलांना ममी, आणि बाहेर पडा. साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमसाठी तिथल्या स्टेशनला उतरू नका. डिस्ट्रिक्ट लाइनने अर्ल्स कोर्टला उतरून ७४ नंबरची बस घ्या. नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा २५ मीटरचा सांगाडा दारातच आहे. समोरच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. सासरे शिवाजी महाराजांच्या वाघनखांबद्दल विचारतील, तर ती याच म्युझियमची आणि २०२४ च्या जुलैत तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि या भागात रांगा लागतात. तुमच्या तारखांच्या पहिल्याच दिवसांत हे उरकून घ्या.

टॉवर ऑफ लंडन महाग आहे, दगडगोट्यांची जमीन आणि गोल जिने आहेत. पण कोहिनूर बघायचाच असं आपल्याकडे प्रत्येकाच्या मनात असतं. पोहोचताच आत शिरा आणि सरळ ज्युवेल हाउस गाठा. मुकुटांसमोरून सरकता पट्टा जातो, त्यामुळे उभ्याउभ्याच दर्शन होतं आणि रेंगाळता येत नाही. मग सासू-सासरे बाहेर नदीकाठच्या बाकावर टॉवर ब्रिज बघत बसतील, बाकीच्यांनी बुरूज चढावेत. बकिंगहॅम पॅलेसचा पहारेबदल मी तुमच्या यादीतून काढून टाकतो. तासभर उभं राहून पुढच्याची पाठ दिसते. मादाम तुसाँही काढा, लोणावळ्यालाही मेणाचे पुतळे आहेत.

मराठी माणसाला जिथे थबकायला होतं अशा दोन जागा मात्र घाला. पॅडिंग्टनपासून जवळ, कालव्याच्या काठाने गेलं की हॉवली प्लेस नावाचा शांत रस्ता लागतो. तिथे १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहिले. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते, आणि खटला हरले. आत जाता येत नाही, लोकांचं राहतं घर आहे, फुटपाथवरूनच बघायचं. एका कुटुंबातले आजोबा तिथे पाचच मिनिटं थांबायचे म्हणून गेले आणि नातवाला मंडाले, केसरी, सुरतची काँग्रेस असं सगळं सांगत अर्धा तास उभे राहिले. नातू पाटीचा फोटो काढून मोकळा झाला होता, पण हलला नाही. दुसरी जागा प्रिमरोज हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. जायच्या आधी उघडण्याच्या वेळा बघा. जुनं उंच घर आहे, जिने आहेत, सासूबाईंना तळमजल्यावर थांबावं लागेल.

देवदर्शनासाठी नीसडनचं स्वामिनारायण मंदिर. १९९५ साली उघडलं, दगड युरोपातला आणि कोरीवकाम भारतात केलेलं. दर्शनाच्या वेळा ठरलेल्या आहेत, दुपारी गाभारा बंद असतो. समोरच शुद्ध शाकाहारी उपाहारगृह आहे. सासूबाईंचा तो दिवस सगळ्यात चांगला जाईल, तेव्हा तो सहलीच्या मधोमध ठेवा.

जेवणाबद्दल. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरी, दुपार बाहेर, असं ठेवलं की सगळ्यांना झेपतं. पण स्वयंपाक तुमच्याच गळ्यात पडणार नाही, हे निघण्याआधी स्पष्ट करा. दोघी विहिणी स्वयंपाकघरात शिरल्या तर त्यांना करू द्या. माझ्या पाहण्यात विहिणींची खरी गट्टी परक्या देशातल्या स्वयंपाकघरातच जमते. भाजणी, मेतकूट, चटण्या, पोहे न्या. साजूक तूप आणि खव्याचे पेढे नेऊ नका. भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे आणि कस्टममध्ये ते टाकून द्यावे लागतात. बाहेर खाताना पाकिटावर शाकाहारी अशी खूण असते ती बघा. मुलांच्या जेलीच्या गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं, आणि काही दुकानांत चिप्स चरबीत तळतात, हे विचारून घ्या. युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरीची जुनी शाकाहारी दुकानं आहेत, ब्रिटिश म्युझियमच्या दिवशी तिथे जेवा. संकष्टी तुमच्या तारखांत येते का, ते पंचांगात बघून ठेवा. मे-जूनमध्ये लंडनला संकष्टीचा चंद्रोदय मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्याही पुढे होतो. इन्सुलिन घेणाऱ्या सासऱ्यांनी त्या दिवशी सासूबाईंसाठी जेवायचं थांबायचं नाही, हे आधीच ठरवा. तिथला चंद्रोदय धरायचा की नाशिकचा, हे गुरुजींना विचारून निघा, म्हणजे तिथे वाद नको.

इन्सुलिनवर थोडं सविस्तर, कारण यात गफलत परवडत नाही. ते हातातल्या बॅगेतच ठेवायचं, सामानाच्या बॅगेत गोठून निकामी होऊ शकतं. सुया आणि पेनसाठी डॉक्टरांचं इंग्रजी पत्र बरोबर ठेवा. पश्चिमेकडे जाताना तो दिवस साडेचार तासांनी लांबतो, त्या दिवशी डोस कसा घ्यायचा ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. औषधं गरजेपेक्षा आठवडाभर जास्त, दोन बॅगांत विभागून. तिथे रक्तातली साखर वेगळ्या एककात सांगतात. आपले १८० म्हणजे त्यांचे १०. डॉक्टर 'दहा' म्हणाले तर सासरे खूश होतील, तुम्ही होऊ नका. तातडीच्या सल्ल्याला १११, जिवावर बेतलं तर ९९९. इमर्जन्सी विभागात तपासण्याचे पैसे घेत नाहीत, पण दाखल केलं की परदेशी पर्यटकाला खर्चाच्या दीडपट बिल लागतं. म्हणून प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, गुडघे सगळं लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलेल्या आजाराचा दावा विमा कंपनी फेटाळते.

पैशांचं एकच सांगतो. पौंडाला शंभराच्या वर रुपये पडतात आणि ज्येष्ठ मंडळी प्रत्येक पाटी वाचून गुणाकार करतात. "चारशे रुपयांचा चहा? मला नको." असं चार वेळा झालं की माणूस खरंच उपाशी राहतो. बोटीची, टॉवरची तिकिटं इथूनच काढा, किमती सांगू नका. रोज घरून थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ न्या. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, तेव्हा भाजी-दूध शनिवारी आणा.

कपड्यांत नवीन काही नाही: दिवसा पंधरा-अठरा अंश, मधेच भुरभुर पाऊस. सासूबाई साडीच नेसणार असतील तर सरकत्या जिन्यावर काठ हातात धरायला सांगा, किंवा सरळ लिफ्ट. बूट मात्र इथे महिनाभर वापरून मऊ केलेले हवेत.

आता लगेच करायचं ते. व्हिसा प्रत्येकाचा वेगळा, सहा वर्षांच्या मुलाचाही, आणि प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. पहिल्याच आठवड्यात करा. सासऱ्यांच्या नावावर शेती असेल आणि सात-बारा जोडणार असाल, तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. तुमच्या आईचा खर्च तुम्ही करणार असाल, तर तसं पत्र आणि तुमच्या उत्पन्नाचे कागद त्यांच्या अर्जाला जोडा. लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर आणि नंतरचं बँकेत, असा फरक असेल तर तोही पत्रात खुलासेवार लिहा. व्हिसा हातात येईपर्यंत फक्त रद्द करता येईल असंच घर धरून ठेवा. ते घर मिळालं की मालकाचं बाथरूमबद्दलचं उत्तर मला इथे कळवा, मग पुढच्या दिवसांची वाटणी करून देतो.